फरशीवरचा डाग

चि. ओंकारास,


तू पाठवलेला फोटो दोनदा मोठा करून बघितला. जिन्याखालच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग, आणि इंजिनाची चेनकडची बाजू चिकट. गॅरेजवाला 'इंजिन खोलावं लागेल' म्हणाला आणि तू घाबरलास, ते साहजिक आहे. गाडी घेण्यातच तुझी वर्षाची शिल्लक गेली. पण गळतंय कुठून हे कळेपर्यंत कुणालाही इंजिनाला पाना लावू देऊ नकोस.

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये माझी तीस वर्षं गेली. ऑइल जिथं ठिबकतं तिथूनच गळतं असं नाही, हे तिथं पहिल्याच महिन्यात कळलं. टॅपेट कव्हरच्या ओ-रिंगमधून ते पाझरतं, ब्लॉकच्या फिन्सवरून ओघळतं, चालत्या गाडीच्या वाऱ्यानं मागं सरकतं आणि शेवटी ड्रेन नटाच्या टोकाला थेंब होऊन लोंबतं. मग माणूस नट आवळत बसतो. माझ्या पहिल्या मोटरसायकलचा नट मी असाच आवळला. आटे गेले, लेथवर नेऊन बुश बसवावा लागला. गळत होतं वर, ब्लॉकच्या पॅकिंगमधून.

तर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, जुना ब्रश आणि वाटीभर डिझेल घे. सगळा चिकटा काढ, साबणाच्या पाण्यानं धू, पूस आणि तासभर उन्हात वाळू दे. मग घरातली टाल्कम पावडर इंजिनाच्या प्रत्येक जोडावर भुरभुर. गाडी मधल्या स्टँडवर पाचेक मिनिटं चालू ठेव, दोन किलोमीटर फिरवून आण आणि टॉर्च घेऊन शेजारी बस. पांढऱ्या पावडरीत बारीक तपकिरी रेघ उमटलेली दिसेल. तिच्यामागं खालून वर जायचं. वर जिथं ती सुरू होते, तिथं गळती. चेनवरचं ग्रीसही त्या बाजूला उडतं, त्यानं फसू नकोस. बोटांत चोळलं की ते चिकट आणि कचकचीत लागतं.

ऑइल जास्त भरलं असलं तरी गळतं, आणि गाडी विकणारे कधीकधी काडीवरची खूण न बघता ओततात. ब्रीदर पाइपही बघ. तो चिखलानं बुजला किंवा दुमडला असेल तर इंजिनातला दाब नव्या सीलमधूनसुद्धा ऑइल बाहेर काढतो.

फोटोवरून माझा संशय गिअर शाफ्टच्या किंवा पुढच्या स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलवर आहे. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत ही दोन्ही सील बाहेरून बदलता येतात. बसवताना शाफ्टच्या दात्यांवर सेलोटेप गुंडाळायला सांग, नाहीतर दाते नव्या सीलची नाजूक कडा कापतात. स्प्रिंगची बाजू आत, आणि कडेला आधी ऑइलचं बोट. चेन फार ताणून ठेवू नकोस. ती शाफ्टला ओढते आणि सील लवकर जातं.

पॅकिंग न बदलता नुसतं सिलिकॉन थापणाऱ्याकडे गाडी देऊ नकोस. आत पिळून निघालेला तुकडा ऑइलच्या जाळीत अडकला, तर वर हेडपर्यंत ऑइल नीट पोचत नाही. फरशी कोरडी राहते आणि इंजिन आतून झिजत जातं. असं झालेलं मी पाहिलंय, म्हणून इतकं बजावतोय.

मागचा टायर मात्र रोज गाडी काढण्याआधी हातानं चाचप. त्याला ऑइल लागलं असेल तर कॉलेजला बसनं जा. ओल्या रस्त्याच्या वळणावर तो टायर तुला सांभाळणार नाही.

आणि आज हे वाचून झालं की गाडी सपाट जागी सरळ उभी करून ऑइलची काडी बघ. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी सुरूच करू नकोस. आधी मला फोन कर.

तुझा,
मामा