रांगोळी दिसली नाही म्हणून

मी काय काम करतो असे कोणी विचारले की माझी मोठी पंचाईत होते. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढे सांगून मी वेळ मारून नेतो. आमच्या सौ.चे उत्तर मात्र ठरलेले आहे. "हे ना, रात्री-अपरात्री कोण कुठे आहे ते शोधत असतात!" ती थट्टेने म्हणते खरी, पण माझ्या धंद्याचे इतके नेमके वर्णन मलाही कधी साधलेले नाही.

वाचकांनी एक जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्यात पुष्कळ बिऱ्हाडे. कोणी शिवणकाम करतो, कोणी हिशेब लिहितो. दिंडीदरवाजाशी एक फळा आहे. त्यावर जो तो आपले काम लिहून ठेवतो. ज्याला शिंपी हवा त्याने फळा पाहावा. एक शिंपी बिऱ्हाड सोडून गेला, दुसरा आला, तरी वाडा बंद ठेवावा लागत नाही. सुट्या भागांचे सॉफ्टवेअर उभारण्याची ओएसजीआय नावाची जी पद्धत आहे, तिचे मर्म या फळ्यात आहे. 1999 साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन हा संसार मांडला. 2009 साली तिच्या नियमांत एक नवे प्रकरण आले: फळ्यावरच्या नोंदीपुढे 'बाहेरगावचेही काम घेऊ' अशी खूण केली की दुसऱ्या यंत्रावरचे भागही ते काम मागू शकतात. ही बातमी गावोगाव पोचवणारी जी व्यवस्था, ती डिस्कव्हरी. बातमी पोचली की त्या गावी शिंप्याचा एक गुमास्ता बसतो. तो कापड घेतो, मूळ शिंप्याकडे धाडतो आणि शिवून आले की हातात देतो. गिऱ्हाइकाला वाटते, शिंपी आपल्याच वाड्यात आहे!

2014 साली बिले काढणाऱ्या एका सॉफ्टवेअरचे काम माझ्याकडे होते. कर मोजणारा भाग निराळ्या यंत्रावर होता. डिस्कव्हरीची यातायात कशाला, म्हणून मी त्या यंत्राचा पत्ता एका फायलीत कायमचा लिहून टाकला. धनत्रयोदशीच्या रात्री ते यंत्र बंद पडले. त्याच्या जागी दुसरे लगेच सुरू झाले, पण नव्या पत्त्यावर. आमचे सॉफ्टवेअर मात्र जुनेच दार ठोठावत राहिले. माझीच चूक मला सापडेपर्यंत नरकचतुर्दशीची पहाट झाली आणि घरचे अभ्यंगस्नान माझ्यावाचून उरकले.

पुढे आम्ही झूकीपर नावाचा कारभारी नेमला. नावाचा अर्थ प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार. पण गृहस्थ मोठा शिस्तीचा! त्याच्या वहीतली अशी नोंद कायमची नसते. नोंद करणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने 'आहे, आहे' असे कळवत राहावे लागते. ठरल्या मुदतीत आवाज आला नाही, की तो नोंद पुसतो आणि वाट पाहणाऱ्यांना तसे कळवतो. मग गुमास्ताही दुकान आवरतो. यात अडचण एकच. माणूस गेला की नुसती वाट बंद झाली, हे शांततेवरून ओळखता येत नाही. मुदत आखूड ठेवावी तर उगाच हाकाटी होते. लांब ठेवावी तर कळायला उशीर होतो.

हे सारे मला तोंडपाठ होते. तरी 2022 च्या श्रावणात मला शहाणपण शिकवले ते सांगलीच्या एका शाळकरी मुलीने.

सांगलीला माझी काकू एकटी राहते. तिचा पत्ता, फोन, डॉक्टरांचा नंबर, सगळे माझ्याकडे टिपून ठेवलेले. काकूची चौकशी आपण चोख ठेवली आहे, असा माझा समज होता. एके सकाळी शेजारची मुलगी शाळेला निघाली आणि थबकली. काकूच्या उंबऱ्यापुढे रांगोळी नव्हती. तिने दार वाजवले, आईला बोलावले. काकू मोरीत पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. मला फोन आला तेव्हा मी कचेरीत बसून यंत्रांची नाडी तपासत होतो.

पत्ता माझ्याकडे होता. पण काकू आहे की नाही, हे रोज पाहत होती ती पोर.

काकू आता काठी घेऊन चालते. मी रोज सकाळी साडेसातला फोन करतो. मध्ये एकदा तिने फोन चार्जच केला नव्हता. तासाभरात मी शेजाऱ्यांना पिटाळले, आणि काकू माझ्यावरच उखडली. "अरे, माणसाने एक दिवस गप्प बसू नये की काय?"

एरवी फारसे बोलणे होत नाही. मी "काकू" एवढेच म्हणतो. पलीकडून भांड्यांचा आवाज येतो आणि मग ती म्हणते, "आहे रे, आहे!"

फोन बंद होतो. मग मी चहा घेतो.