निमोचे वडील

'फाइंडिंग निमो' हा संगणकाद्वारे चितारलेला चित्रपट २००३ सालचा. आपल्या मुलाविषयीच्या अतिकाळजीतून ही कथा सुचल्याचे दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी सांगितले आहे. किनाऱ्यालगतच्या आमच्या धर्मग्रामात तो दाखवला, तेव्हा डोरी माशाच्या विसराळूपणावर मुले खळखळून हसली. जाळ्यातले मासे एकजुटीने खाली पोहून सुटतात, त्यावर एक कोळी आजोबा म्हणाले, "असं व्हायला लागलं तर आम्ही खायचं काय?"

आरंभीच बाराकुडा मासा निमोच्या आईला व भावंडांच्या अंड्यांना गिळंकृत करतो. हे बालकांना दाखवावे काय, असे एका मातेने विचारले. मला ते आवश्यक वाटते. त्यावाचून निमोचे वडील मार्लिन यांची भीती निव्वळ हास्यास्पद ठरली असती.

सभागृह रिकामे झाले तरी एक गृहस्थ बसून होते. त्यांचा थोरला समुद्रात बुडाला होता. धाकट्याला त्यांनी पाण्याकडे फिरकू दिले नव्हते.

"निमो रागावून बापाला जे बोलतो ना, फादर, तेच माझा धाकटाही बोलला होता."

मी शेजारी बसलो. बाहेर धाकटा स्कूटर सुरू करून त्यांची वाट पाहत होता.