हाताचा अंदाज

नाताळ हा शब्द आपल्या वाडवडिलांनी पोर्तुगीजांकडून घेतला. वसईवरील पोर्तुगीजांचा अंमल १७३९ साली संपुष्टात आला. शब्द मात्र आपल्या घरांत कायमचा राहिला. आज तो कानी पडताच प्रथम आठवते ती धांदल. घराची साफसफाई, शिंप्याकडील फेऱ्या, गोठ्यासाठी पेंढा, कढईतील कलकल, मुलांचे रुसवेफुगवे आणि या सर्वांतून वेळ काढून गाठावयाचा नोव्हेना.

आगमनकाळात वेदीजवळ दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटू लागते. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. या दिवसांत धर्मगुरू आम्हांस बजावतात की, बाह्य तयारीत गुंतून अंतःकरणाची तयारी विसरू नका. उपदेश खराच आहे. परंतु ज्या घरात नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे, तेथे बाहेरची तयारी कोठे संपते आणि आतली कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड असते. गतवर्षीच्या २३ डिसेंबरने आम्हांस ते अधिकच अवघड करून दाखविले.

आम्ही दोघेही मुंबईस नोकरी करतो. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ साली आली, आणि पहाटे घर सोडून दिवेलागणीनंतर परतणे हा वसईतील कित्येक घरांचा नित्यक्रम होऊन बसला. अशा घरांत मुले वाढतात ती आजीच्या पदराखाली. आमचीही तशीच वाढली. गेल्या पावसाळ्यात ती आजी देवाघरी गेली. तिच्यावाचूनचा हा आमचा पहिला नाताळ होता.

आमच्या आळीची रीत अशी की, ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला त्या घरी सणाची कढई चढत नाही. शेजारीपाजारी फराळाची ताटे पाठवितात आणि त्या घराचे तोंड गोड करतात. आम्हीही तसेच ठरविले होते. गोठा करावयाचा, कारण तो बाळ येशूचा. आकाशकंदील लावावयाचा, परंतु रोषणाई करावयाची नाही. तळण मुळीच नाही.

त्या दिवशी दोघांनीही रजा घेतली होती. सकाळी आठ वाजेपर्यंत घराचे रणांगण झाले. ८ डिसेंबरला परातीत पेरलेले गहू वीतभर वाढले होते; त्यांतील मूठभर कोंब धाकट्याने उपटून शेजारच्या बकरीस खाऊ घातले. कंदिलाच्या कामट्या जुळेनात, खळ हाताला चिकटे, पतंगाचा कागद फाटे. शिंप्याचा निरोप आला की, फ्रॉक संध्याकाळी मिळेल. पापनिवेदनासाठी पाच वाजता चर्चमध्ये पोहोचावयाचे होते, आणि पातेल्यातले दूध उतू जात होते.

अशात दाराशी पहिले ताट आले. मागोमाग दुसरे, तिसरे. करंज्या, केक, कलकल. आम्ही ती रिकामी करून, शिरस्त्याप्रमाणे चिमूटभर साखर घालून परत करू लागलो. थोरली मात्र ताट हातात घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली.

“आजी साखर नाही घालायची,” ती म्हणाली. “ती म्हणायची, ज्याने गोड दिलं त्याला हाताने केलेलं द्यावं.”

या बोलण्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. रीत मोडावी तर आजीच्या दुःखाचा मान राहत नाही. पाळावी तर आजीचा शब्द राहत नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मैद्याचा डबा खाली काढला. तळावयाचे, पण केवळ देण्यापुरते.

आता नवीच अडचण उभी राहिली. नारळाचे दूध किती, साखर किती, अंडी किती, हे आम्हां दोघांसही ठाऊक नव्हते. आजीने काही लिहून ठेवले नव्हते. लिहिण्याची तिला गरजच नव्हती. दरवर्षी २३ तारखेस हे काम होई तेव्हा आम्ही गाडीत असू. तिच्याजवळ पाटावर बसून काट्याच्या पाठीवर कलकल वळीत असे ती आमची लेक.

“सात मुठी मैदा,” तिने निःशंकपणे सांगितले, आणि आपली इवलीशी मूठ डब्यात घातली. मग थबकली. ही मूठ ती नव्हे, हे तिच्याही ध्यानात आले.

तिने आम्हां दोघांचे हात पालथे-उलथे करून पाहिले. आम्हांपैकी ज्याची ती आई, त्याचा पंजा तिने निवडला. तीच रुंद बोटे, तोच आखूड अंगठा. ज्या हाताने आयुष्यात कधी पीठ मळले नव्हते, त्या हाताने सात मुठी मोजल्या. दुधाचे प्रमाण लेकीने डोळ्यांनी ठरविले, मीठ जिभेने. पहिला घाणा करपला, दुसरा साधला. घरभर तो वास पसरला तेव्हा आम्हां दोघांनाही डोळे पुसावे लागले.

ओटीवर धाकटा गोठा मांडीत होता. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे पहिला गोठा उभारला तेव्हा त्यात मूर्ती नव्हत्या. गव्हाणी होती, गवत होते, बैल व गाढव होते आणि भोवती गावातील साधी माणसे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली गोठ्याविषयी लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात, लोहारापासून भटाऱ्यापर्यंत सामान्य माणसांच्या ज्या मूर्ती लोक गोठ्यात मांडतात त्यांचे कौतुक केले आहे. धाकट्यास याचा गंध नव्हता. त्याने मोळीवाल्या म्हातारीची मातीची मूर्ती मेंढपाळांच्या पुढे, रिकाम्या गव्हाणीला अगदी खेटून ठेवली. “आजी आहे,” तो म्हणाला. “बाळ आला की तिला पहिल्यांदा दिसेल.” आम्ही ती तेथून हलविली नाही.

पापनिवेदनास आम्ही पोहोचलो तेव्हा रांग संपत आली होती. फ्रॉक मिळाला, त्याची लांबी दोन बोटे अधिक होती. रात्री कॅरोल गाणारी तरुण मुले दारावरून जाताना आवाज खाली आणून गायली; दुःखाचे घर म्हणून.

आपण मुलांना सण देतो, असे आपण आईबाप समजून चालतो. आमच्यासारख्या घरांत तो पुष्कळदा आजीकडून नातवंडांकडे जातो आणि त्यांच्या हातून आपल्याकडे येतो. जी तयारी वेदीवरून सांगितली जाते, ती आमच्या घरी त्या दिवशी पिठाच्या परातीपाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मुले ताटे घेऊन आळीत निघाली. थोरली पुढे, धाकटा मागे. एकाही ताटात साखर नव्हती.