मागे राहिलेली मैत्रीण

मोडनिंबला थांबणारा माणूस बहुधा दुसरीकडेच निघालेला असतो. कुणी टेंभुर्णीहून मोहोळकडे, कुणी कुर्डुवाडीहून पंढरपूरला. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९०६ साली पंढरपूरला पोचले. आता त्या वाटेवर ब्रॉडगेज आहे, आणि पुणे-सोलापूर हमरस्त्यावरच्या वाहनांना वेग कमी करायचीही सवड नसते. अशा गावात लहानपण काढायचं म्हणजे रोज उठून दुसऱ्यांचं जाणं बघायचं.

रात्री इथल्या लावणीच्या कला केंद्रांत ढोलकी कडाडते. येणाऱ्याला बैठक दिसते, नऊवारी दिसते, पायांतले चाळ दिसतात. त्या चाळांवर ज्यांचं घर चालतं ती पोरं त्याच्या नजरेत येत नाहीत. त्यांचा विचार करताना मला इटालियन लेखिका एलेना फेरान्तेच्या नेपल्सच्या कादंबऱ्या आठवतात. गरीब वस्तीतल्या दोन मुली. लीला चांभाराची, एलेना नगरपालिकेच्या शिपायाची. हुशारी लीलाची जास्त, पण प्राथमिक शाळेनंतर घरचे तिला पुढे पाठवत नाहीत. शिकते एलेना. मग चार खंड ती लिहिते ते लीलाबद्दल.

गरिबीतल्या बालपणाची थोर पुस्तकं मोडनिंबच्या सोलापूर जिल्ह्यानेही दिली. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४चं, करमाळ्याकडच्या नेरल्याचे किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४चं. काळ्यांची आई तमाशात नाचायला, पोर आजोळी. ‘अक्करमाशी’तल्या शाळेच्या सहलीत मुलं निघतात एकत्र, पण जेवायला बसतात वेगळी, आणि सवर्ण मुलांचं उरलंसुरलं दलित पोरांच्या वाट्याला येतं. जिथे पंगतच एक नाही, तिथे दोस्तीला जागा किती?

ही पुस्तकं साक्ष देतात, आणि साक्षीदार पिंजऱ्यात एकटाच उभा असतो. म्हणून त्यांत ‘मी’ ठसठशीत दिसतो आणि बरोबरची पोरं कडेला सरकतात. लिहिणाऱ्यांना त्याचा बोल लावता येत नाही. जे सांगायचं होतं, तेच छातीवर एवढं मोठं ओझं होतं.

मैत्रीच्या कादंबरीला मात्र दोघी लागतात. मोडनिंबच्या अशा दोघी मी मनात रचून पाहतो. एक दहावीनंतर एसटीने सोलापूरला कॉलेजात, दुसरीच्या पायांत चाळ. लिहिणार अर्थात पहिली. तिची परीक्षा इथेच आहे. वर्गात गणित आधी कुणाला सुटायचं, मास्तरांना उलटा प्रश्न कोण विचारायचं, आणि ‘तू जा’ असं पहिल्यांदा कोण म्हणालं, हे ती खरंखरं लिहील का? मैत्रिणीला बिचारी करून टाकणं सोपं. तिला आपल्यापेक्षा हुशार ठेवून लिहिणं अवघड.

गावाबाहेर पडलेल्याची गोष्ट आपल्याकडे जिद्दीची गोष्ट म्हणून वाचली जाते. मोडनिंबची ही कादंबरी कुणी लिहिलीच, तर त्या जिद्दीतला निम्मा वाटा मागे राहिलेलीचा होता, एवढं तरी हिशेबात येईल.