दोन सुयांचा टाका

चामड्याची पिशवी म्हटलं की आताच्या पोरांना खांद्यावरची बॅग आठवते. माझ्या वयाच्या शेतकऱ्याला मोट आठवते. तीही चामड्याची पिशवीच, फक्त पाण्याची. तोंडाला लोखंडी कडं, खाली निमुळती सोंड. बैल धावेवरून उतरायला लागले की नाडा ताणायचा, मोट वर यायची आणि सोंडेतलं पाणी थारोळ्यात पडायचं. आमचं गाव कल्याण-मुरबाड रस्त्याच्या आत. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर इंजिन आलं आणि मोट गोठ्यात टांगली गेली. तिथं उंदरांनी तिची चाळण केली.

मोट शिवणारे काका गावच्या बाहेरच्या बाजूला राहायचे. जातीनं चर्मकार. पूर्वी कातडं कमवायचं काम ढोर समाजाचं आणि शिवायचं काम चर्मकारांचं, पण कमावण्याची सगळी माहिती काकांना तोंडपाठ होती. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे केस सुटतात. मग आतल्या बाजूचं मांस खरवडून काढायचं, चुना धुऊन टाकायचा. पुढची गंमत मला फार उशिरा कळली. ते कातडं कडेनं शिवून त्याचीच एक मोठी पिशवी करतात आणि ती तिकाटण्याला उलटी टांगतात. आत बाभळीची कुटलेली साल, हिरडा आणि पाणी भरतात. पाणी कातड्यातून झिरपत खाली भांड्यात पडतं, ते परत वर ओतायचं. असं कित्येक दिवस. सालीचा आणि हिरड्याचा तुरटपणा कातड्यात मुरला की ते कुजत नाही. तोवर ते कातडं, त्यानंतर चामडं. म्हणजे माणूस चामड्याची पिशवी करायच्या आधी कातड्याचीच पिशवी झालेली असते.

मोटा बंद झाल्या तशी काकांची गावातली कामं संपली. ते कल्याणला गेले. बाजारपेठेत एका जिन्याखाली बसायची जागा मिळाली. चपला दुरुस्त करायचे आणि कुणी सांगितलं तर पिशव्या शिवायचे. चामडं धारावीहून आणायचे. लोकलनं शीवला उतरायचं आणि गुंडाळी खांद्यावर टाकून परत.

१९८२ साली माझ्या बापाला कागदपत्रांसाठी पिशवी हवी होती. आम्ही मूळचे कूळ. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्यानं कसणारा मालक झाला, तेव्हाचे ते कागद. नंतर त्यात सातबारे, फेरफार, सोसायटीच्या पावत्या अशी भर पडत गेली. पत्र्याच्या पेटीत ते गंजाच्या डागांनी खराब व्हायला लागले होते. म्हणून आम्ही काकांकडं गेलो. पिशवी व्हायला तीन दिवस लागले. मला कल्याणला तसंही भाजी घेऊन जावं लागायचं, तर तिन्ही दिवस भाजी विकली की मी त्यांच्याजवळ बसून राहायचो.

पहिल्या दिवशी नुसतं बघणं आणि कापणं. म्हशीचं चामडं, सालीत कमावलेलं. काकांनी ते उजेडात धरलं, हातानं चाचपलं. पाठीचा भाग घट्ट असतो, त्यात अंग आणि पट्टा काढायचा. पोटाचा भाग ताणतो. त्याचा पट्टा केला तर महिन्यात लांबतो. अंगाला दोन-अडीच मिलीमीटर जाडी पुरे, पट्ट्याला त्याहून जाड. आधी कागदाचे नमुने कापले, ते चामड्यावर ठेवून आरीच्या टोकानं रेघा ओढल्या. मग रापी चालली. रापी म्हणजे रुंद पात्याचं हत्यार, दगडावर घासून घासून वस्तऱ्यासारखं केलेलं. जिथं दोन थर एकावर एक येणार तिथल्या कडा त्यांनी आतल्या बाजूनं तासून पातळ केल्या. नाहीतर शिवण उंचवटा धरते आणि तिथंच झिजते.

दुसरा दिवस शिवणीचा. कडेपासून भाताच्या दाण्याच्या रुंदीएवढं आत एक रेघ. रेघेवर खुणा, एका इंचात सहा. प्रत्येक खुणेवर आरीनं तिरकं भोक. दोरा सुताचा, पदर पिळून एक केलेला, पोळ्याच्या मेणावरून ओढलेला. मेणामुळं दोरा भोकात घट्ट बसतो आणि पाणी धरत नाही. शिवणीच्या चौपट लांब दोरा घ्यायचा. दोन टोकांना दोन सुया. एकाच भोकातून एक सुई इकडून तिकडं, दुसरी तिकडून इकडं, मग दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. मी विचारलं, मशीनवर का नाही शिवत?

काका म्हणाले, "मशीनचे दोरे दोन, वरचा आणि खालचा. एक तुटला की दुसऱ्याला आधार नाही, उसवत जातं. ह्यात एक टाका तुटला तर दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ठेवतो. मोटेला हाच टाका होता. सुटला असता तर तुझ्या आज्याचं पाणी परत विहिरीत."

तिसऱ्या दिवशी पट्टा, पितळी बक्कल आणि कडा. पट्टा नुसता शिवला नाही, तांब्याचे रिव्हेट ठोकले. कडा ओल्या फडक्यानं पुसून, लाकडाच्या गुळगुळीत तुकड्यानं चमक येईपर्यंत घासल्या, वरून मेण.

मग पैशांचं बोलणं निघालं. माझा बाप काकांहून दहा वर्षांनी लहान, पण त्यांना अरे-तुरे करायचा. काका त्याला अहो म्हणायचे. गावात तशीच रीत. बाप म्हणाला, "आता गावच्या माणसाकडून पैसे घेणार का रे? खळ्यावर ये, भात नेऊन टाक."

काकांनी सुया डबीत ठेवल्या. म्हणाले, "गावात होतो तेव्हा तुम्ही द्याल ते भात घेतलं, अण्णा. इथं मी सांगतो ते पैसे घेतो. चामड्याचे आणि तीन दिवसांच्या मजुरीचे."

बाप बराच वेळ गप्प उभा होता. सावकार खळ्यावर येऊन मापं घालायचा ते त्यानं स्वतः पाहिलं होतं. मग त्यानं बंडीतून पैसे काढले, मोजले आणि म्हणाला, "घ्या." नुसतं एवढंच. पण 'घे' नाही, 'घ्या'.

पिशवी अजून आहे. पावसाळ्यात बुरशी धरते, ती कोरड्या फडक्यानं पुसतो. भिजली तर सावलीत सुकवतो. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर चामडं तडकतं. वर्षातून एकदा एरंडेलाचा हलका हात. पट्टा एकदा बदलला, शिवण तीच आहे.

विकत घेणाऱ्याला काकांनी शिकवलेलं सांगतो. चामड्याची कापलेली कड बघा. सालीत कमावलेलं आतपर्यंत तपकिरी दिसतं, नखाचा ओरखडा उमटतो. क्रोमवर कमावलेलं कडेला बऱ्याचदा निळसर-राखाडी असतं, ते मऊ राहतं आणि लवकर तयार होतं. रेक्झिनच्या मागं कापड निघतं. शिवण दोन्ही बाजूंनी बघा. २०१५ साली कायदा बदलला, बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली, तेव्हापासून हातकामाला म्हशीचं आणि बकऱ्याचं चामडं जास्त दिसतं.

काकांचा मुलगा रेल्वेत लागला. त्यानं आरी हातात धरली नाही, याचं मला वाईट वाटत नाही. ज्या कामापायी बापाला गावाबाहेर राहावं लागलं ते पोरानं का धरावं? पण त्या कामातलं ज्ञान मात्र जायला नको होतं.

मागं ठाण्यात नातीबरोबर एका प्रदर्शनात गेलो. एक मुलगी स्वतः केलेल्या चामड्याच्या बॅगा विकत होती. मी शिवण बघितली, दोन सुयांचीच. बॅगेची किंमत नऊ हजार. नात म्हणाली, "आजोबा, केवढी महाग!" मी म्हटलं, चामडं धर, दिवस धर, मग सांग. लोक त्या मुलीला कलाकार म्हणत होते, ते बरोबरच होतं. बाहेर स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याच्या स्टॉलमध्ये एक गटई कामगार बसला होता. त्याच्याकडंही आरी, तेच मेण, तोच दोरा. त्याच्याशी मात्र जो तो एकेरीत बोलत होता, आणि दहा रुपयांसाठी घासाघीस चालली होती.

तुमच्या बॅगेचा पट्टा तुटला तर अशा माणसाकडं न्या. "दोन सुयांनी शिवून द्याल का?" असं विचारा. तो मान वर करून बघेल. मग तो सांगेल तेवढे पैसे द्या.