जंगलात घड्याळ पडतं तेव्हा...

शुक्रवारी नागपूर गाठायचं, रात्री मोहर्लीजवळ मुक्काम ठोकायचा आणि शनिवारी पहाटे गेटवर हजर! पुण्या-मुंबईच्या ऑफिसवाल्यांचा हा ठरलेला ताडोबा प्लॅन. (फक्त मंगळवार टाळा, पार्क बंद असतो.) १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. १९९५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. कोअरमधल्या सफारीत मोबाइल वापरायला बंदी आहे, आणि गेटबाहेर पडायची वेळ मात्र पक्की. म्हणजे एरवी शोभेला असलेलं मनगटावरचं घड्याळ इथे खरंच कामाला लागतं.

आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये एकाच्या हातात स्विस ऑटोमॅटिक होतं. त्याच्या बाबांनी मस्कतच्या नोकरीत पैसे साठवून घेतलेलं. बाबा आता नाहीत. जिप्सीने कच्च्या रस्त्यावर एक दणका खाल्ला, पट्ट्याची पिन निसटली आणि घड्याळ थेट पायाखालच्या लोखंडी पत्र्यावर! आवाज ऐकून गाइडनेही मागे वळून बघितलं. मित्राने घड्याळ उचललं, कानाला लावलं आणि जोरात हलवायला घेतलं. मी त्याचा हात धरला. कॉलेजपासून मला घड्याळांचं वेड आहे. घड्याळजीच्या टेबलाशेजारी बसून जे शिकलो, त्यातला पहिला धडा हाच : पडलेलं घड्याळ हलवायचं नाही.

का? मेकॅनिकल घड्याळाचा जीव असतो बॅलन्स व्हीलमध्ये. आजच्या बऱ्याच घड्याळांत हे चाक सेकंदाला आठ ठोके देतं, म्हणजे तासाला २८,८००. ते ज्या आसावर फिरतं, त्याची टोकं केसाइतकी बारीक. धक्का बसला की सगळ्यात आधी वाकतात किंवा तुटतात ती हीच. त्यांना वाचवायला रत्नाच्या बेअरिंगवर छोटीशी स्प्रिंग बसवतात. १९३० च्या दशकात आलेली ‘इन्काब्लॉक’ ही त्यातली सगळ्यात गाजलेली पद्धत. ‘शॉक रेझिस्टंट’ची आंतरराष्ट्रीय चाचणी म्हणजे साधारण एक मीटरवरून टणक लाकडी फळीवर पडण्याइतका धक्का. लोखंडी पत्र्याचं वचन कुणीच दिलेलं नाही!

मग करायचं काय? आधी काच बघा. तडा गेला असेल तर क्राउन हलकेच बाहेर ओढा. बऱ्याच घड्याळांत त्याने काटे थांबतात आणि काचेचा चुरा तबकडीवर घासला जात नाही. काचेवर पारदर्शक टेप लावा. काच शाबूत असेल तर फक्त कान द्या. टिकटिक आहे का? आत काही सुटं खुळखुळतंय का? बंद पडलं असेल तर किल्ली देऊन जबरदस्तीने चालू करू नका. चालू असेल तर अचूक वेळेशी ताडून बघा. दिवसाला काही सेकंद इकडे-तिकडे हे चालतं. तासाला मिनिटं पळायला लागली तर समजा, हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेत किंवा त्यात चुंबकत्व शिरलंय.

आमचं घड्याळ दोन तासांत चार मिनिटं पुढे गेलं. मित्र म्हणाला, ‘ट्रिप कॅन्सल, नागपूरला परत.’ पुढचे दोन दिवस तर गडचिरोलीचे होते! पण घाई करायची ती पाणी शिरलं असेल तर, कारण गंज थांबत नाही. कोरडं घड्याळ दोन दिवसांत आणखी बिघडत नाही. चष्म्याच्या मऊ कापडात गुंडाळून ते चष्म्याच्याच डबीत ठेवलं. मोबाइल, स्पीकर आणि चुंबकाच्या बटणाच्या पर्सपासून लांब. गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही, चंद्रपूरचं ऊन ठाऊक आहे ना! न हलवलेलं ऑटोमॅटिक दीड-दोन दिवसांत आपोआप थांबतं.

आणि आम्ही बल्लारपूरमार्गे आलापल्लीला निघालो. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जपून ठेवलेला जंगलाचा तुकडा. २०१४ पासून जैवविविधता वारसा स्थळ. सागाचे शेंडे बघताना मान दुखते. पुढे भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम, आणि जवळच हेमलकसा, जिथे बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. मोबाइलची रेंज येते-जाते. मित्र पहिल्या दिवशी सारखा रिकाम्या मनगटाकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी संगमावर सूर्य झाडांमागे जाईपर्यंत बसून राहिला.

परतल्यावर घड्याळ तज्ज्ञाकडे गेलं. टाइमग्राफर मशीनवर ठोके तपासले, चुंबकत्व काढलं. आसाचं एक टोक वाकलेलं निघालं, ते बदललं. तुम्हीही दुकानात चार गोष्टी ठरवूनच जा. एस्टिमेट लेखी घ्या. बदललेले पार्ट परत मागा. वॉटर रेझिस्टन्सची चाचणी पुन्हा करून घ्या. वॉरंटी असेल तर अधिकृत सेंटरशिवाय कुणालाही मागचं झाकण उघडू देऊ नका. मात्र पडल्याचं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, तेव्हा विम्याचे कागद चाळा. आणि पाचवी, मित्राने आवर्जून सांगितलेली : केसला पॉलिश नको. बाबांच्या हातचे ओरखडे तसेच राहू देत!

पुढच्या सफारीला निघण्याआधी पट्ट्याच्या पिना तपासून घ्या. शंभरेक रुपयांचं काम. नाहीतर सरळ घरातलं जुनं एचएमटी काढा. कंपनीचा घड्याळांचा धंदा २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, पण किल्ली दिली की ती अजून चालतात. आणि पडलंच, तर हातही जरा हळहळत उचलतो!