तलवारीचं वय

कोणी जुनी तलवार दाखवून "ही अमुक सालची" म्हणालं, तर आधी विचारावं: पातं की मूठ? आपल्याकडच्या तलवारींची मूठ पात्याच्या शेपटीवर लाख-राळ ओतून बसवलेली असते. तापवली की राळ सैल होते, मूठ निघते, दुसरी बसते. सैन्यात आणि बाजारात हे सर्रास चालायचं. त्यामुळे एकाच तलवारीत दोन शतकं सुखाने नांदत असतात.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी एक तलवार आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू नि झेंडूची माळ, बाकी वर्षभर मुक्काम कपाटावर. आजोबा सांगतात, ती पानिपतावरची. गेल्या वर्षी काकांना दिल्लीचं एक गिऱ्हाईक भेटलं. पैसे चांगले देणार होतं, पण "पानिपत, 1761" असं कागदावर लिहून त्याखाली आजोबांची सही हवी होती. आजीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तोंडावर होतं, म्हणून काका घाईला आले होते. बाबा मला म्हणाले, "तू इतिहासवाली नं, बघ जरा."

बघायचं कशात? आमच्या सरांनी मला जुन्या कॅटलॉगांच्या नादाला लावलं. एगर्टनचं 1880 चं भारतीय शस्त्रांवरचं पुस्तक म्हणजे मुळात लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या शस्त्रांची यादी. पण मी जास्त रमले ते व्यापाऱ्यांच्या कॅटलॉगांत. लंडनचा विल्यम ओल्डमन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरच्या वस्तू विकायचा आणि त्यांचे फोटो छापायचा. या असल्या कॅटलॉगांची भाषा अगदी वाण्याच्या वहीसारखी असते: नंबर, दोन ओळी वर्णन, लांबी इंचात, किंमत. भावना शून्य.

यातून तलवार घडली कधी ते कळत नाही, विकायला कधी होती ते कळतं. 1905 च्या पानावर एखाद्या घाटाची मूठ असेल, तर तो घाट 1905 नंतरचा नाही, एवढंच पक्कं. शिवाय त्या दिवशी कोणतं पातं कोणत्या मुठीत होतं, हे फोटोत कायमचं अडकतं. तीच तलवार आज वेगळ्या मुठीसकट समोर आली, तर मधे कोणीतरी हात चालवलाय. व्यापाऱ्याने दिलेल्या नावांवर मात्र जाऊ नये. पातं जरा रुंद दिसलं की "जल्लादाची तलवार" लिहून मोकळे! तसं लिहिलं की माल लवकर खपतो.

पात्यावरच्या खुणाही अशाच फसव्या. आमच्या पात्यावर पापणीच्या केसांसारख्या दोन दातेरी कमानी आहेत. काका खूश: "बघ, जिनोव्हाची छाप!" पण ती छाप युरोपात इतरांनी उचलली आणि आपल्याकडच्या कारागिरांनीही. इस्फहानच्या असदुल्लाचं तसंच. त्याच्या सहीची पाती एवढ्या लांबच्या काळातली सापडतात की एका माणसाला तेवढं आयुष्य पुरायचं नाही. सही म्हणजे तिथे माणूस कमी, ब्रँड जास्त.

उलट 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात आलेली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार घ्या. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली. पातं युरोपी घाटाचं, पण त्यावर सोन्यात देवनागरी अक्षरांत रघूजींचं नाव. असं नाव असलं की लिलाववाल्याला कथा रचावी लागत नाही. आमच्या पात्यावर नाव नाही.

कॅटलॉग वाचून वाचून मला यादीची चटक लागली होती, म्हणून आजोबांची ट्रंक उघडली. त्यात 1934 ची वाटणीची यादी मिळाली. हंडे, समया, पाट, आणि एका ओळीत: "फिरंग 1, सरळ, मूठ पितळी" आणि पुढे बडोद्याला गेलेल्या धाकट्या भावाचं नाव. त्याखाली: "तलवार 1, वाकडी, मूठ लोखंडी." ही आमच्याकडची.

म्हणजे घरात दोन होत्या. आणि आजोबा लहानपणापासून पानिपतच्या "फिरंगे"चीच गोष्ट सांगतात. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची, बहुधा सरळ. आमची चांगली कमानदार आहे.

आजोबांना सांगायचं कसं, यावर घरात दोन दिवस खलबतं झाली. शेवटी मी यादीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "बापूंचंच अक्षर," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "पानिपतावरून माणसं परत आली नाहीत, तलवारी कुठून येणार?" सही त्यांनी केली नाही.

मी एक कागद तयार केला, कॅटलॉगच्या चालीवर: वाकडी तलवार, पातं 30 इंच, दोन कमानींची छाप, लोखंडी मूठ, कटोरीची कड एका जागी चेपलेली, 1934 पासून याच घरात. पानिपताबद्दल वेगळ्या ओळीत फक्त "घरातली आठवण" असं लिहिलं. गिऱ्हाइकाने तो वाचला नि फोन उचलणं बंद केलं. ऑपरेशन बाबांनी पीएफमधून केलं. काका माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतात, आणि त्यांचंही मला कळतं.

बडोद्याच्या काकूंना आजोबांनी स्वतः पत्र टाकलंय. सरळ पात्याचं काही त्यांच्याकडे आहे का, असलं तर मूठ पितळी आहे का, एवढंच विचारलंय. दिवाळीच्या सुट्टीत मी मोजपट्टी घेऊन जाणार आहे. आजोबा म्हणतात, मीही येतो.